जावयाच्या मानाचा तंबू

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार दुसऱ्या दिवशी होता, म्हणून बुधवारी दुपारी मी देवांची भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. समई झाली होती, तांब्या झाला होता. ताम्हन अर्धं लखलखीत आणि अर्धं काळपट असं हातात असतानाच बेल वाजली. चिंचेचे हात वर धरून कोपरानंच दार उघडलं, तर समोर केरूभाऊ. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुरमईची पिशवी.

"केरूभाऊ, उद्या गुरुवार."

"ठाऊक हाय वहिनी. ही शुक्रवारची. फ्रीजरात टाका," म्हणून त्यांनी पिशवी दिली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "आनि हे जरा वाचून सांगा. सगळा इंग्लिश लिवलाय."

फोनमध्ये एक चित्र होतं. पांढऱ्याशुभ्र बर्फाचं मैदान, मधोमध लाल तंबू, आणि तंबूच्या दारात दाढीवाला एक माणूस हातभर मासा धरून हसत होता.

केरूभाऊ म्हणजे केरू चोगले. गाव दापोलीजवळचं हर्णै बंदर, जातीचे कोळी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये आमचे हे मॅनेजर आहेत, तिथे केरूभाऊ एकोणीस वर्षं कामाला आहेत. गोठवलेल्या मासळीच्या खोलीला तिथे चेंबर म्हणतात. बाहेर ऑगस्टात पंचेचाळीस असो की अठ्ठेचाळीस, चेंबरमध्ये बारा महिने उणे अठरा. केरूभाऊ जाड कोट घालून दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करतात. राजाभाऊ, म्हणजे आमचे हेच, नेहमी म्हणतात, दुबईत राहून घामाची तक्रार न करणारा एकच माणूस मी पाहिला.

आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरी ते दर गणपतीला येतात. आरतीला त्यांचा आवाज लागला की वरच्या मजल्यावरची मंडळीसुद्धा चपला घालून खाली येतात. बोलणं मात्र कमी. एवढा माणूस फोन घेऊन भरदुपारी बस आणि मेट्रो बदलून आला म्हणजे काहीतरी मोठं होतं. मी ताम्हन ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि चहा टाकला.

मोठं होतंच. केरूभाऊंची एकुलती एक लेक रंजिता नर्सिंग करून कॅनडात गेली. तिथे एका भल्यामोठ्या तलावाच्या काठी गिमली नावाचं गाव आहे, तिथल्याच मुलाशी तिचं जमलं. लग्न झालं ते करोनाच्या साली, विमानं बंद असताना. केरूभाऊंनी ते कंपनीच्या कामगार-कॅम्पातल्या खोलीत फोनवर पाहिलं. खोलीतल्या आठही जणांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते, त्यांच्यातल्या समाधान नावाच्या एकानं पेढे आणले होते, आणि नेमकी नवरा-नवरी एकमेकांना हार घालायला लागली तेव्हा नेट गेलं. परत आलं तेव्हा पाहुणे जेवत होते.

"त्यानंतर अधिक महिना आला, गेला," केरूभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले. "जावयाला धोंड्याचं वाण नाय, लग्नातला आहेर नाय. घरवाली ठकुबाई रोज बोलते, तुम्ही कसले सासरे. आता जानेवारीत रजा मंजूर झाली, विजा आला. पन रिकाम्या हातानं जाऊ?"

"मग अंगठी न्या."

"अंगठी घालून मासे धरतो काय तो?"

जावयाचं नाव गुन्नार. चार पिढ्या त्याच तलावावर मासेमारी. केरूभाऊ आणि ठकुबाई त्याला गुणाजी म्हणतात, आणि त्यालाही ते आवडतं, असं रंजिता सांगते. मासेमार जावई मिळाला म्हणून केरूभाऊ मनातून इतके खूश होते की कॅनडा, बर्फ, लांबचा देश, हे सगळं त्यांनी त्या एका गोष्टीवर माफ करून टाकलं होतं. अडचण एकच होती, आणि तीच त्यांना खात होती.

"वहिनी, तो मराठी बोलत नाय, हिंदी बोलत नाय. माझा इंग्लिश चेंबरचा. पॅलेट, केअरफुल, नो प्रॉब्लेम, एक्स्पायरी. एक महिना त्याच्या घरात राहायचा. जावयाला काय, एक्स्पायरी विचारू?"

मी हसू दाबलं. ते मात्र गंभीर होते.

"मासे धरताना बोलाय लागत नाय. दोन मानसा दोन तास बाजूबाजूला गळ टाकून बसली तर ओळख होते. आमच्यात तर अशाच सोयरिकी जमल्यात. त्याच्यासंगं त्या बर्फावर बसाय मिळाला तर माझा जावई माझा झाला. नायतर मी पाहुना म्हणून जाईन नि पाहुना म्हणून येईन."

पण रंजितानं अट घातली होती. गेल्या वर्षी केरूभाऊंना न्यूमोनिया होऊन नऊ दिवस इस्पितळात काढावे लागले होते. नर्स झालेली लेक, ती ऐकणार थोडीच. तिचं म्हणणं सरळ होतं : गुन्नार उघड्यावर बादली उपडी घालून बसतो, त्याची कातडी वेगळी. त्याच्याकडे तंबू आहे तो एका माणसाचा. दोघांचा, वारा न लागणारा धड तंबू असेल तर बाबांना दोन तास परवानगी. नसेल तर बाबा घरात आणि गुन्नार तलावावर.

म्हणून तंबू. आहेरही तोच आणि परवानाही तोच.

संध्याकाळी आमची आभा क्लासवरून आली आणि आम्हां दोघांना फोनवर डोकं घालून बसलेलं पाहून म्हणाली, "आई, हू बाइज अ फिशिंग टेंट फॉर आइस इन दुबई?"

"तुझे केरूकाका," मी म्हटलं.

"ओके. कूल," म्हणून ती खोलीत गेली.

निवडायचं काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. तीन तंबू हाताशी आले. पहिला इथल्याच मोठ्या दुकानातला, समुद्रकाठी सहलीला नेतात तो निळा. चार किलो वजन, हवेत फेकला की आपोआप उघडणारा, एकशेवीस दिऱ्हाम, म्हणजे जवळजवळ एकोणतीसशे रुपये. तो केरूभाऊंनी लगेच घेऊनच टाकला, "नाय चालला तर खोलीतली पोरा बीचवर नेतील" म्हणून. बाकीचे दोन एका गोऱ्या गृहस्थांचे. ते दुबई मरीनात राहत होते, कॅनडात परत चालले होते आणि घरातलं सामान विकत होते. त्यांच्या जाहिरातीत खाट, सायकल आणि कॉफीचं मशीन यांच्या खाली खरोखरच बर्फावर मासे धरायचे दोन तंबू होते. मी तर म्हटलं, स्वामींनीच पाठवले. ह्यांचं म्हणणं, स्वामींना एवढी कामं असताना ते जाहिरात कशाला टाकतील. असो.

शनिवारी आम्ही तिघं मरीनात गेलो. पस्तिसावा मजला, खाली नावा, घरभर खोकी. गृहस्थ चांगले उंच आणि हसतमुख. आठ वर्षांपूर्वी सामानात चुकून आले, एकदाही उघडले नाहीत, म्हणाले. एक तंबू एका माणसाचा, सात किलोचा. दुसरा तिघांचा, पंधरा किलोचा, लाल, गोधडीसारखं दुहेरी कापड शिवलेला.

केरूभाऊंची पारख मी त्या दिवशी पाहिली. बाजारात मासळी घेताना बाई कल्ला उचलून बघते ना, तसं. आधी कापडाला नाक लावलं. मग शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. काठी वाकवून कानाशी नेली. आणि मग खिशातून चेंबरचे जाडजूड हातमोजे काढून हातात चढवले.

"हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"साहेब, तिथं हात उघडा ठेवाय मिळनार हाय काय? मोजा घालून चेन लागली पायजे."

छोट्या तंबूची चेन मोज्याच्या बोटांत सापडेना. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा मोजाच अडकला. लाल तंबूच्या चेनला मात्र बोटभर लांब दोरी होती. एका ओढीत वर, एका ओढीत खाली. गृहस्थ बघतच राहिले. "ही नोज!" म्हणजे ह्या माणसाला कळतं, असं ह्यांना म्हणाले.

मग केरूभाऊंनी लाल तंबूची कड उचलून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, ह्याला तळ नाय."

मीही वाकून पाहिलं. खरंच नव्हता. चारी बाजूंनी कापड, वर छप्पर, आणि खाली त्या गृहस्थांची फरशी.

"फाटला असेल, कापून टाकला," केरूभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "म्हनून इकतोय. आठ वर्सा उघडला नाय बोलतो आनि तळ गायब."

मी घर चालवणारी बाई, मला घासाघीस करायला कोणी शिकवायला नको. इंग्रजीत म्हटलं, तळ नाही तर किंमत पण कमी झाली पाहिजे. गृहस्थ आधी गोंधळले, मग म्हणाले, "हबीबी, इट नेव्हर हॅड वन."

"बघितलात?" केरूभाऊ मराठीत म्हणाले. "इकनारा असाच बोलतो. आमच्याकडे फुटकी होडी इकतानाबी हेच. पयल्यापासून अशीच हाय."

आम्ही तिघंही हटून बसलो. शेवटी तो माणूस पोट धरून हसला आणि पन्नास दिऱ्हाम कमी केले. लाल तंबू घेऊन लिफ्टमधून खाली येताना आम्ही स्वतःवर खूश होतो. त्या माणसाला काय हसू येत होतं हे कळायला आणखी दोन आठवडे जायचे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. चार नंबरचा चेंबर माल काढल्यामुळे रिकामा होता, पण थंडी चालू होती. ह्यांनी रीतसर कागद केला, आत कोण, किती वेळ, बाहेर कोण उभं. मला आत जायची परवानगी नाही, त्यामुळे मी ऐकलं ते ह्यांच्या आणि समाधानच्या तोंडून. समाधान हा केरूभाऊंचा खोलीतला सोबती, पारनेरकडचा, बोलायला एक नंबर.

"वहिनी, आधी निळा तंबू," समाधान सांगत होता. "आम्ही दोघं कोट घालून आत. पंखा चालू. थर्मामीटर बाहेर उणे अठरा, आत उणे सोळा. वीस मिनिटांनी भिंतीवर टिचकी मारली तर बर्फाचा भुगा थेट मानेत! श्वासाची वाफ गोठलेली. मी म्हटलं, चोगले, ह्यापेक्षा बाहेर बरं, निदान बर्फ तरी ओळखीचा."

बाहेर येऊन अंगात ऊब आल्यावर लाल तंबू. पुन्हा वीस मिनिटं. उणे नऊ. भिंती कोरड्या. वरच्या कोपऱ्यात हवेला झरोके होते ते केरूभाऊंनी आधी बंद केले, मग वाफ धरायला लागली तशी अर्धे उघडले, आणि शिडाचा वारा बघतात तसं बोट लावून बघत बसले.

"बाहेर यायलाच तयार नाय," समाधान म्हणाला. "मी म्हटलं, यल्ला, चला, साहेब ओरडतील. तर म्हणतात, गुणाजीची जागा इकडं, माझी इकडं. मी विचारलं, मग मी कुठं बसलोय? तर म्हणे, तू गुणाजी."

तर लाल तंबू ठरला. राहिला प्रश्न तळाचा, आणि तो केरूभाऊंना प्रश्न वाटतच नव्हता. जन्मभर जाळी विणलेला माणूस. त्यांनी जाड निळी ताडपत्री आणली, जाळं विणायची लाकडी सुई पेटीतून काढली, नायलॉनचा दोरा घेतला, आणि आठवडाभर ड्युटी सुटल्यावर कॅम्पाच्या अंगणात बसून तंबूला तळ शिवला. तो तळ मी पाहिला आहे. टाका न् टाका एकसारखा, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी, पाणी ओतून पाहिलं तर थेंब खाली जात नव्हता. बाकीचे लोक येऊन हात फिरवून जायचे. अर्सलान म्हणून एक सुपरवायझर आहे, तो म्हणाला म्हणे, चोगले, कंपनी खोल, हम सब तेरे यहाँ नौकरी करेंगे.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता गिमलीला सकाळचे आठ होते. कॅम्पाच्या खोलीत एवढा तंबू मावेना, म्हणून तो आमच्या हॉलमध्ये उभा केला. सोफा गॅलरीत, टीपॉय आभाच्या खोलीत, आणि मधोमध लालभडक तंबू, देवघराच्या दारापर्यंत टेकलेला. मी देवाला म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. केरूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जावयाला आहेर दाखवायचा होता.

फोनवर रंजिता आणि शेजारी गुन्नार. लालसर दाढी, अगदी भोळा चेहरा. केरूभाऊंनी हात जोडले, त्यानंही जोडले. मी फोन धरून तंबूभोवती फिरले. गुन्नार "वॉव, वॉव" म्हणत होता. चेन दाखवली, झरोके दाखवले, उणे नऊचा आकडा सांगितला. रंजिताच्या चेहऱ्यावरची नर्स हळूहळू निवळायला लागली. मग केरूभाऊंनी दार उघडलं आणि अभिमानानं तळ दाखवला. वर दोनदा पाय आपटून दाखवला.



गुन्नारनं डोकं खाजवलं आणि हळूच काहीतरी विचारलं. रंजितानं तोंडावर हात ठेवला. मग ती अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की फोनच आडवा पडला.

"काय झाला गो?" केरूभाऊ.

"बाबा," तिचा श्वास सापडेना. "तो विचारतोय, मासे कुठून काढायचे?"

"कुठून म्हंजे? बर्फाला भोक पाडतात तिथून."

"आणि भोक कुठे असतं?"

"तंबूच्या बाहेर. दारातून गळ सोडायचा. आपन आत, पानी बाहेर."

"बाबा, भोक तंबूच्या आत असतं! माणूस आत बसतो, भोकही आत. म्हणून त्या तंबूंना तळच नसतो. कुठल्याच नसतो!"

मरीनातल्या माणसाचं पोट धरून हसणं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि माझे कान तापले. हे खिडकीकडे बघायला लागले. दारातून आभा म्हणाली, "ओ माय गॉड," आणि मी तिला डोळे वटारले.

केरूभाऊ हसले नाहीत. त्यांनी फोनकडे पाहिलं, तळाकडे पाहिलं, तंबूत जाऊन बसले आणि आतून चेन लावून घेतली.

आमच्या हॉलमध्ये तंबू, तंबूत केरूभाऊ, फोनवर कॅनडा. "रागावले का?" रंजितानं घाबरून विचारलं. मी तंबूपाशी खाली बसले. बाहेरून म्हटलं, "अहो केरूभाऊ, एवढं काय त्यात. तळ उसवून टाकू. मी मदत करते."

आतून आवाज आला. "उसवायचा सवालच नाय वहिनी. तळ नसंल तर मी बसनार नाय."

आणि मग त्या कधी न बोलणाऱ्या माणसानं, बंद तंबूत बसून, सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना सुवर्णदुर्गाच्या पलीकडे त्यांच्या होडीची फळी निघाली. भोक एवढंसं, मुठीएवढं. पाच तास ते आणि त्यांचे वडील आळीपाळीनं भोकावर बसून राहिले आणि भाताच्या टोपानं पाणी उपसत बंदराला लागले. "तेवापासून पायाखाली फळी पायजे. मी जन्मभर भोका बुजवली, वहिनी. आता भोकाच्या बाजूला निवांत बसा बोलतात. ह्या बर्फाखाली पानी हाय हा विचार करून मला रोज घाम येतो. चेंबरमध्ये घाम येतो, बोला! पन जावयाला काय सांगू, सासरा कोळी आनि पान्याला भितो?"

रंजितानं हे सगळं ऐकलं होतं. माझा फोन चालूच होता. ती हसायची थांबली आणि गुन्नारला सांगायला लागली. तो ऐकता ऐकता उठून गेला. मला वाटलं, झालं, खलास. पण तो परत आला तो एक उंच लाकडी मोजपट्टी घेऊन. त्यावर खूण होती, जवळजवळ त्याच्या मांडीपर्यंत. बर्फ एवढा जाड होतो, रंजितानं सांगितलं. जानेवारीच्या शेवटी त्यावरून ट्रक जातात, भरलेले.

चेन चार बोटं खाली आली. "भरलेला ट्रक?"

"मासे भरलेला, बाबा."

चेन आणखी खाली आली. केरूभाऊंचं नाक दिसलं. मग गुन्नार आपणहून बोलायला लागला, हळूहळू, जणू केरूभाऊंना इंग्रजी कळावं म्हणून, आणि रंजिता पाठोपाठ मराठी करत होती. त्याचे वडील एकदा ऐन वसंतात पातळ बर्फातून खाली गेले होते. वाचले. पण पुढे मरेपर्यंत ते तंबूत लाकडी फळ्या टाकूनच बसायचे, आणि गाव हसायचं. त्या फळ्यांना दोन गोल भोकं होती. पाय गरम राहतात, गोष्ट वाईट नाही. तुमचा तळ तसाच राहू दे. दोन भोकं पाडा. एक तुमचं, एक माझं.

"माझ्या तळाला भोक," केरूभाऊ पुटपुटले. बाहेर आले. तळावर हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, भोक केवढा असतो? विचारा त्याला."

विचारलं. गुन्नारनं हातांनी दाखवलं. मी स्वयंपाकघरातून भाजीच्या पातेल्याचं झाकण आणलं. थोडं मोठं झालं. मग दुधाच्या पातेल्याचं आणलं, ते बरोबर बसलं. खडूनं दोन गोल काढले. कात्री हातात घेतली आणि केरूभाऊ थांबले.

"तुमच्या हातून एवढा कुंकू लावा," म्हणाले.

नवी होडी पाण्यात लोटताना त्यांच्याकडे पूजा होते, हे मला ठाऊक होतं. मी देवघरातून करंडा आणला, दोन्ही गोलांवर हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं. नारळ घरात होताच, पण हॉलमध्ये फोडू नका असं ह्यांनी डोळ्यांनी विनवलं, म्हणून नुसता टेकवला. गिमलीत गुन्नारनं टोपी काढून हातात धरली होती. केरूभाऊंनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि कात्री घातली.

पहिला गोल त्यांनी बोट-बोट कापत, थांबत थांबत काढला. दुसरा एका दमात झाला.

आणि खरी गंमत पुढे. कापलेले गोल त्यांनी टाकले नाहीत. तिथेच बसून दोन्ही भोकांच्या कडा दुमडून शिवल्या आणि तेच गोल एका बाजूनं झाकणासारखे टाचून दिले. मासे धरायचे तेव्हा उघडा, नाहीतर बंद. भोक आहे आणि नाहीही. गुन्नारनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता नुसता अंगठा वर केला. केरूभाऊंनीही केला. दोन कोळी, हजारो कोसांवर, बोलायचं काही उरलंच नाही.

"दोन तास, बाबा," रंजिता म्हणाली. डोळे पुसत होती. "एक मिनिट जास्त नाही."

"अडीच," केरूभाऊ म्हणाले.

"दोन!"

"नो प्रॉब्लेम," केरूभाऊ सरळ गुन्नारकडे बघून म्हणाले, आणि तो खो खो हसला.

वजन केलं तर तंबू आणि तळ मिळून साडेसतरा किलो. एक बॅग त्यातच जाते. दुसऱ्या बॅगेत ठकुबाईंनी पाठवलेल्या वस्तू बसवायच्या, म्हणून हर्णैला फोन लावला. ठकुबाईंना तळाची सगळी हकिकत केरूभाऊंनी स्वतः सांगितली, आणि पलीकडून हसण्याचा असा दणका आला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"ओ, लगनात नेट गेला नि आता तंबूला भोक शिवला," ठकुबाई म्हणत होत्या. "माझ्या जावयाला वाटंल सासरा येडा हाय!"

"त्याचा बापबी असाच होता," केरूभाऊ शांतपणे म्हणाले. "विचार रंजीला."

कोकमं राहू द्या, गोधडी न्या, पोरीला उकडीच्या मोदकाचा साचा न्या, असं ठकुबाईंनी ठरवून दिलं आणि फोन ठेवला.

तंबू उतरवायला आम्हा चौघांना अर्धा तास लागला. तो पिशवीत परत जाईना, समाधानला बोलवावं का असा विचार झाला, शेवटी हे पिशवीवर बसले तेव्हा चेन लागली. केरूभाऊंनी चहा घेतला. आज बशीत न ओतता कपातूनच प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, तळ झाला, पन पायात काय घालनार? चेंबरचे मोजे फाटले." उद्या त्यांची दुपारची पाळी आहे, त्यामुळे सकाळी दहा वाजता ते करामाच्या बाजारात जाऊन लोकरीच्या पायमोज्यांचे दोन जोड आणणार आहेत.